चढत्या शब्दांचा बाजार

अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत गिरार्ड म्हणून एक लहानसें गांव आहे. त्या गांवीं १९१९ सालीं इमॅन्युएल हॉल्डमन-ज्यूलियस नांवाच्या प्रकाशकानें खिशांत मावतील अशीं छोटीं पुस्तकें छापण्यास आरंभ केला. पुढें त्यांना ‘लिटल ब्लू बुक्स’ हें नांव पडलें आणि किंमत उतरत उतरत पांच सेंटांवर आली. पुस्तकें टपालानें विकलीं जात. वर्तमानपत्रांत शेंकडों नांवांची दाट यादी छापावयाची आणि वाचकानें हव्या त्या पुस्तकांचे क्रमांक कळवून पैसे पाठवावयाचे, असा तो व्यवहार होता. वाचकापुढें पुस्तक नसे, मुखपृष्ठ नसे, परीक्षण नसे. असे तें केवळ नांव. म्हणून कोणतें नांव किती खपतें याचा हिशेब म्हणजेच लोकांच्या मनाचा हिशेब, असें या गृहस्थास वाटूं लागलें.

जें पुस्तक वर्षाकाठीं दहा हजार प्रतींइतकेंही खपत नसे, तें तो आपल्या कचेरींतील एका विभागाकडे धाडी. त्या विभागाला त्यानें नांव दिलें होतें ‘इस्पितळ’. तेथें पुस्तकावर शस्त्रक्रिया व्हावयाची ती बहुधा एवढीच कीं, त्याचें नांव बदलावयाचें. तेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाची ‘सोनेरी लोंकर’ अशा अर्थाच्या नांवाची कथा १९२५ सालीं सहा हजार खपली होती. तिला ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ असें नांव देतांच पुढच्या वर्षीं ती पन्नास हजार खपली. शोपेनहॉअरचा ‘वादाची कला’ हा निबंध कोणी घेईना. त्याचें ‘तर्कशुद्ध वाद कसा करावा’ असें नामांतर होतांच त्याला गिऱ्हाईक मिळालें. १९२८ सालीं या प्रकाशकानें आपले सारे अनुभव ‘द फर्स्ट हंड्रेड मिलियन’ या पुस्तकांत मोकळेपणानें सांगितले आहेत. कोणी म्हणेल, ही शुद्ध लबाडी झाली. तसें मला वाटत नाहीं. गोतिएच्या कथेंतील नायक रूबेन्सच्या चित्रांतल्यासारखी सोनेरी केसांची स्त्री शोधीत खरोखरच बेल्जममध्यें हिंडतो. तेव्हां नवें नांव जुन्याहून अधिक खरें होतें, इतकेंच.

श्रोतेहो, इंटरनेटवर आज जो व्यापार चालतो त्यांत एक धंदा असा आहे कीं, लोक शोधयंत्रापुढें कोणते शब्द लिहितात, त्यांपैकीं कोणते चढणीला लागले आहेत आणि कोणते ओसरत आहेत, हें पाहावयाचें व चढत्या शब्दापाशीं आपली जाहिरात किंवा आपलें पान वेळेवर नेऊन उभें करावयाचें. या शब्दांना जाहिरातदार ‘कीवर्ड’ म्हणतात. धंदा नवा दिसतो. त्याचें बीज मात्र गिरार्डच्या त्या इस्पितळांत सांपडतें. फरक आहे, आणि तो लहान नव्हे. हॉल्डमन-ज्यूलियसला लोकांची आवड कळण्यासाठीं आधीं पुस्तक छापावें लागे. त्याच काळांत क्लॉड हॉपकिन्स यानें १९२३ सालच्या आपल्या पुस्तकांत कुपनें मोजून जाहिरातींची परीक्षा घेण्याची रीत सांगितली होती. पण कुपन कापून पाठविणारा मनुष्य जाहिरात वाचून मग बोलतो. शोध करणारा आपण होऊन बोलतो. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं गिऱ्हाईक स्वतःशीं काय पुटपुटतें तें ऐकूं यावें, तसा हा प्रकार आहे.

या पुटपुटण्याला भाव आला तो १९९८ सालीं. कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथें बिल ग्रोस या उद्योजकानें ‘गोटू’ नांवाचें शोधयंत्र काढलें. कोणत्या शब्दाखालीं कोणाचें पान आधीं दिसावें, हें तेथें लिलावानें ठरे. बोली एका सेंटापासून सुरू होई आणि पैसे द्यावयाचे ते कोणी आपल्या दुव्यावर क्लिक केलें तरच. शिवाय कोणीं किती बोली लावली आहे, तो आंकडा दुव्याशेजारींच उघड छापलेला असे. ज्ञानाच्या दारांत लिलाव मांडल्याबद्दल पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु लिलावाला जाणाऱ्यास माल काय आहे हें ठाऊक पाहिजे. म्हणून त्या कंपनीनें जाहिरातदारांसाठीं एक छोटें साधन उपलब्ध करून दिलें. एखादा शब्द लिहावा, म्हणजे तो शब्द व त्याच्या गोतावळ्यांतील इतर शब्द गेल्या महिन्यांत किती वेळां शोधले गेले, याची यादी पुढें येई. २००१ सालीं कंपनीनें ‘ओव्हर्चर’ हें नांव घेतलें आणि २००३ सालीं याहूनें तिला सुमारें १६३ कोटी डॉलरांस विकत घेतलें. पण धंद्यांतील जुनी माणसें तिची आठवण काढतात ती या फुकट साधनासाठीं. त्यांत दोष होतेच. एकवचन आणि अनेकवचन त्यांत एकाच खात्यावर जमा होई. त्याहून विनोदी गोष्ट ही कीं, आपली जाहिरात कितव्या स्थानीं आहे हें पाहण्यासाठीं व्यापारी आपलाच शब्द पुन्हा पुन्हा शोधीत, आणि तेंही त्या संख्येंत मिळत जाई. मोजणाराचाच हात तराजूच्या पारड्यावर पडावा, तशांतला हा प्रकार.

गूगलनें जाहिरातींचें आपलें खातें २३ ऑक्टोबर २००० रोजीं उघडलें, तेव्हां त्याचे जाहिरातदार होते ३५०. २००२ सालीं त्यानेंही क्लिकमागें पैसे घेण्याचा लिलाव स्वीकारला. मात्र नुसत्या बोलीवर क्रम न लावतां, लोक त्या जाहिरातीवर किती प्रमाणांत क्लिक करतात हेंही हिशेबांत धरलें. या कंपनीच्या आरंभींच्या दिवसांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील शास्त्रज्ञांना एके दिवशीं नोंदींत असें दिसलें कीं, ‘ब्रॅडी बंच’ या जुन्या मालिकेंतील कॅरॉल ब्रॅडी या पात्राचें माहेरचें आडनांव काय, हा शोध एकाएकीं उसळला आहे. उसळला तोही एकदां नव्हे. पांच उंचवटे आले, आणि प्रत्येक उंचवटा तासाच्या त्याच मिनिटाच्या सुमारास. उलगडा साधा होता. दूरचित्रवाणीवरील एका बक्षिसाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न विचारला गेला होता आणि देशाच्या निरनिराळ्या कालविभागांत तो कार्यक्रम एकामागून एक दाखविला जात होता. घड्याळाबरोबर पश्चिमेकडे सरकणारी एका खंडाची जिज्ञासा त्या कोष्टकांत उमटली होती. हें पाहून त्या तरुण माणसांना काय वाटलें असेल, याची मला अनेकदां कल्पना करावीशी वाटते.

२००१ पासून गूगल वर्षाअखेरीस गाजलेल्या शब्दांची यादी प्रसिद्ध करूं लागलें. मे २००६ मध्यें ‘गूगल ट्रेंड्स’ सर्वांसाठीं खुलें झालें आणि २००४ पासूनचे आलेख कोणालाही पाहतां येऊं लागले. जाहिरातदारांसाठीं अधिक बारकावे दाखविणारें दुसरें साधन ऑगस्ट २००८ मध्यें निघालें. तें २०१२ सालीं ट्रेंड्समध्येंच विलीन झालें. आतां हा आलेख वाचावयाचा कसा, हें जरा सावकाश पाहिलें पाहिजे. कारण बहुतेक फसगत येथेंच होते.

आलेखावरील १०० हा आंकडा म्हणजे शंभर माणसें नव्हेत, शंभर हजारही नव्हेत. त्या ठिकाणीं, त्या काळांत झालेल्या एकूण शोधांपैकीं या शब्दाचा वाटा किती, हें नमुन्यावरून काढतात. तो वाटा ज्या दिवशीं सर्वांत मोठा होता त्या दिवसाला १०० मानतात आणि बाकीचे दिवस त्या प्रमाणांत मांडतात. यांतून दोन चमत्कारिक गोष्टी निघतात. पहिली ही कीं, छेद वाढला म्हणजे अंश वाढूनही रेघ खालीं येते. २००४ सालीं इंटरनेटवर होते त्यांहून आज कितीतरी अधिक लोक आहेत आणि ते असंख्य नव्या गोष्टी विचारतात. म्हणून एखाद्या शास्त्राचें नांव विचारणारे लोक दुप्पट झाले असले, तरी त्या शब्दाची रेघ उतरलेली दिसूं शकते. ‘लोकांची शास्त्रावरची श्रद्धा उडाली’ असा लेख त्यावर लिहिणें अगदींच सोपें आहे. दुसरी गोष्ट वाढत्या शब्दांच्या यादीची. ज्या शब्दाची वाढ पांच हजार टक्क्यांहून अधिक, त्यापुढें टक्के न देतां ‘ब्रेकआउट’ असा शिक्का मारलेला असतो. परंतु चारशांचे चोवीस हजार झाले, तर वाढ ५,९०० टक्के होते. वीस लाखांचे तीस लाख झाले, तर ती अवघी ५० टक्के. शिक्का पहिल्यावर बसतो, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे असतें.

पुण्याच्या माझ्या ओळखीच्या एक मावशी मोदकांचे साचे व पूजेचें सामान घरूनच विकतात. त्यांचा भाचा २०२५ च्या ऑगस्टमध्यें मोठ्या उत्साहानें एक कोष्टक घेऊन आला. गेल्या ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांशीं तुलना करतां मोदकाचा शोध भराभर चढतो आहे, तेव्हां जाहिरातीवरील रक्कम दुप्पट करावी, असें त्याचें म्हणणें. मावशींनीं भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट दाखविलें. २०२४ सालीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. २०२५ सालीं ती २७ ऑगस्टला आली. मोदक अकरा दिवस अलीकडे सरकला होता, वाढला नव्हता. २०२६ सालीं अधिक ज्येष्ठ असल्यामुळें चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे त्या ऑगस्टमध्यें तेंच कोष्टक मोदकाची मंदी दाखवील. जानेवारी-फेब्रुवारीच्या चौकटींत तिथींचा बाजार मोजणाऱ्या प्रत्येकानें हें लक्षांत ठेवावें. त्यांतून आपल्या लिहिण्याची तऱ्हा निराळीच. ‘उकडीचे मोदक’ हे शब्द कोणी नागरींत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत. रोमन अक्षरांतही कोणी ‘क’ पुढें ‘अ’ घालतो, कोणी गाळतो. शब्द म्हणून शोधला तर प्रत्येक रूपाची रेघ वेगळी येते. २०१३ च्या अखेरीपासून निरनिराळीं रूपें व भाषा एकत्र करणारा ‘विषय’ हा प्रकार ट्रेंड्समध्यें आला, पण घाईचा माणूस तो निवडील तर ना!

येथवरच्या चुका पैशाच्या होत्या. परंतु रेघेच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला आहे, ही गोष्ट ऑगस्ट २००६ मध्यें एकाएकीं सर्वांच्या डोळ्यांपुढें आली. एओएल या कंपनीनें संशोधकांच्या उपयोगासाठीं म्हणून सुमारें साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले जवळजवळ दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. नांवें काढून त्या जागीं क्रमांक घातले होते. थोड्याच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनीं ४४१७७४९ या क्रमांकामागील वृद्ध स्त्रीचें घर नुसत्या तिच्या शोधांवरून हुडकून काढलें. कंपनीनें तीं पानें मागें घेतलीं, क्षमा मागितली, तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांनीं राजीनामा दिला. तोंपर्यंत प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. आणि जाहिरातीच्या धंद्यानें त्या ढिगांतून काय उचललें? पहिल्या स्थानावरील दुव्याला सुमारें ४२ टक्के क्लिक मिळतात आणि दुसऱ्याला जेमतेम १२, हा हिशेब. कित्येक वर्षें तो प्रमाण मानला गेला.

याच बाजारांत दीर्घकाळ अत्यंत महाग गणल्या गेलेल्या शब्दांपैकीं एक आहे ‘मेसोथेलिओमा’. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनें होणाऱ्या कर्करोगाचें हें नांव. अमेरिकेंत या रोगाबद्दल कारखान्यांकडून मोठी भरपाई मिळते, म्हणून वकिलांच्या संस्था त्या शब्दावर चढाओढीनें बोली लावतात. तो शब्द लिहिणारा मनुष्य बहुधा नुकताच डॉक्टरकडून घरीं आलेला असतो. वकिलाची गरज त्याला खरोखर असूंही शकेल; जाहिरात वाईटच आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु भाव लागतो तो त्याच्या पहिल्या, भेदरलेल्या प्रश्नाला, हें विसरतां येत नाहीं.

आंकड्यांवरील विश्वास कोठवर न्यावा, याची मोठी परीक्षा बाजाराबाहेर झाली. नोव्हेंबर २००८ मध्यें गूगलनें लोकांच्या शोधांवरून फ्लूच्या सांथीचा अंदाज देण्यास सुरुवात केली. ‘नेचर’ साप्ताहिकांत त्याचें शास्त्र छापून आलें. पांच कोटी शब्दसमूह तपासून त्यांतून ४५ निवडले होते. या निवडींत शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांचे शोधही फ्लूशीं जुळलेले आढळले, कारण दोन्हींचा हंगाम हिवाळा. ते अर्थातच वगळावे लागले. एवढी दक्षता घेऊनही २००९ सालीं एच१एन१ ची पहिली लाट या यंत्रानें नीट ओळखली नाहीं, आणि पुढें तें उलट दिशेनें चुकलें. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकीं १०० आठवडे त्याचा अंदाज वास्तवाहून अधिक होता, असें ‘सायन्स’ साप्ताहिकांतील २०१४ च्या लेखानें दाखविलें. त्या लेखांतील एक मुद्दा आपल्या विषयाच्या मर्माशीं येतो. शोधयंत्र स्वतःच लोकांना पुढचे शब्द सुचवीत असतें. दोन अक्षरें लिहितांच खालीं उतरणारी ती यादी २००८ पासून सर्वांपुढें येऊं लागली. म्हणजे शब्द सुचविणारा तोच आणि मोजणारा तोच. २०१५ सालीं तो अंदाज प्रसिद्ध करणें बंद झालें.

परंतु या साऱ्या विद्येचें जें टोक गांठलें गेलें तें डिमांड मीडिया या कंपनीनें. २००६ सालीं कॅलिफोर्नियांत ती स्थापन झाली. तिच्याजवळ एक सूत्र होतें : लोक कोणता प्रश्न शोधतात, त्या प्रश्नाशेजारच्या जाहिरातीला काय भाव येतो आणि त्यावर आधीं किती पानें लिहिलेलीं आहेत, हे तीन आंकडे एकत्र करून लेखाचें शीर्षक यंत्रानें ठरवावयाचें. मग तें शीर्षक घरबसल्या काम करणाऱ्या लेखकांपुढें टाकावयाचें. लेखाला मोबदला सुमारें पंधरा डॉलर. २००९ सालीं ‘वायर्ड’ मासिकांत या कारखान्याचा विस्तृत वृत्तांत आला. दिवसाला चार हजार लेख व चित्रफिती तेथून बाहेर पडत होत्या, आणि संपादकांना सुचलेल्या विषयांपेक्षां यंत्रानें काढलेल्या विषयांवर जवळजवळ पांचपट उत्पन्न होतें, असें त्यांत सांगितलें होतें. जानेवारी २०११ मध्यें कंपनीचे शेअर बाजारांत आले तेव्हां तिचें मोल दीड अब्ज डॉलरांच्या घरांत गेलें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ चालविणाऱ्या कंपनीहूनही अधिक.

गिरार्डच्या प्रकाशकाशीं या कंपनीची तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. त्यानें शोपेनहॉअरला नवें नांव दिलें, पण आंत शोपेनहॉअर होता. लोकांचा प्रश्न मोजून त्यानें आधींच असलेल्या उत्तराकडे दार उघडलें. येथें प्रश्न मोजून दाराची चौकट तेवढी तयार होई, आणि आंत काय ठेवावयाचें तें पंधरा डॉलरांत जमेल तेवढें. त्या लेखकांना मी दोष देत नाहीं. मंदीच्या त्या वर्षांत पुष्कळांची चूल त्यावर पेटली असेल. परंतु औषध, कायदा, घरदुरुस्ती अशा विषयांवर ज्यानें रात्रीं प्रश्न विचारला, त्याच्या हातीं त्या विषयांतील जाणकाराचें उत्तर न पडतां शब्द जुळविणाराचें पडूं लागलें. आणि जाणकाराचें जुनें पान त्या ढिगाऱ्याखालीं गेलें.

फेब्रुवारी २०११ मध्यें गूगलनें आपल्या क्रमवारीच्या नियमांत मोठा फेरफार केला. ‘पांडा’ नांवानें तो प्रसिद्ध आहे; अमेरिकेंतील जवळजवळ बारा टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. डिमांड मीडियाचें ‘ईहाउ’ हें मुख्य स्थळ पहिल्या तडाख्यांतून निसटलें, एप्रिलमधील दुसऱ्यांत सांपडलें. शेअर घसरत गेले आणि २०१६ सालीं कंपनीनें आपलें नांवही बदललें. हॉल्डमन-ज्यूलियसच्या इस्पितळांत हीच शस्त्रक्रिया होत असे, परंतु या रोग्याच्या अंगांत मूळचें बळ थोडें होतें.

पांडानंतर पडदे ओढले जाऊं लागले. ऑक्टोबर २०११ पासून गूगलमध्यें नांव नोंदवून शोध करणाऱ्यांचे, आणि २०१३ पासून जवळजवळ सर्वांचे शब्द त्या त्या स्थळाच्या मालकापासून झांकले गेले. मनुष्य आपल्या दारीं कोणता शब्द घेऊन आला, हें मालकास कळेनासें झालें. कारण खासगीपणाचें सांगितलें गेलें, आणि एओएलची हकीकत आठवतां तें खोटें म्हणवत नाहीं. परंतु जाहिरातीचे पैसे देणाऱ्याला तेच शब्द दिसत राहिले, हेंही तितकेंच खरें. २०१६ पासून तर थोडा खर्च करणाऱ्या जाहिरातदारास महिन्याचे शोध ‘एक हजार ते दहा हजार’ अशा ढोबळ मापांत दाखवूं लागले. नेमका आंकडा मोठ्या गिऱ्हाईकास. मावशींचें खातें अर्थातच पहिल्या वर्गांत मोडतें.

आणि आतां शब्दच पातळ होत चालले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आलें. ऑगस्ट २०२४ मध्यें गूगलनेंही शोधाच्या माथ्यावर यंत्रानें रचलेलें उत्तर भारतांत दाखविण्यास आरंभ केला. रात्रीं दोन वाजतां मुलाच्या तापाविषयीं विचारणारी आई त्या यंत्रापुढें दोन शब्द लिहून थांबत नाहीं. मुलाचें वय, ताप केव्हां चढला, कोणतें औषध किती दिलें, घरांत दुसरें कोण आहे, असें सगळें ती सांगते, जसें शेजारणीस सांगावें. ट्रेंड्सच्या आलेखावर त्या बोलण्याची रेघ उमटत नाहीं.